गाण्यांच्या फायलींमधील मोडलेली मराठी आणि कन्नड नावे स्क्रिप्टने कशी सावरावीत?

नमस्कार. निपाणीहून तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांनी आयुष्यभर जमवलेली गाणी, म्हणजे कॅसेटवरून उतरवलेली भजने, सीडीवरून घेतलेले ख्याल, नाट्यपदे आणि त्यांच्या जोडीने वचने व दासरपदे ही कन्नड भक्तिगीते, अशा सुमारे ११ हजार फायली तुमच्याकडे आहेत. त्या नव्या संगणकावर घेतल्यानंतर घरातल्या कुणीतरी टॅग, म्हणजे फायलीतच गाण्यासोबत साठवलेली नावे, नीट करणारे एक मोफत सॉफ्टवेअर त्यांवरून फिरवले, आणि तेव्हापासून गायक, अल्बम व शीर्षक यांच्या जागी कुठे निरर्थक रोमन चिन्हे तर कुठे नुसती प्रश्नचिन्हे दिसतात. हे सगळे एका फेरीत पूर्ववत करील अशी पायथन या संगणकभाषेतली एखादी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, तुम्हाला हवी आहे.

स्क्रिप्ट लिहिणे हा यातला सोपा भाग आहे, आणि टॅग वाचणारी व लिहिणारी म्युटाजेनसारखी तयार लायब्ररी हाताशी असल्यामुळे तो आणखी सोपा झाला आहे. अडचण अशी की वरवर एकच वाटणाऱ्या या दुखण्यात निरनिराळ्या कारणांनी झालेले बिघाड मिसळलेले असतात. काही फायलींत मूळ मजकूर बाइट न् बाइट, म्हणजे संगणकाने साठवलेला आकडा न् आकडा, शाबूत असतो आणि तो फक्त आकड्यांवरून अक्षरे ठरवणाऱ्या चुकीच्या तक्त्याने वाचला जातो. काहींत तो मधूनमधून गळालेला असतो. आणि काहींत तो कायमचा गेलेला असतो. पहिल्या प्रकारात उलट क्रिया करून मूळ अक्षरे परत मिळतात, आणि तिला खऱ्या अर्थाने दुरुस्ती म्हणता येते. शेवटच्या प्रकारात आपण जे करतो ती पुनर्रचना असते व तिच्यात आपला अंदाज मिसळतो. ही दोन्ही कामे एकाच स्क्रिप्टने एकाच फेरीत उरकली, तर कोणते नाव फायलीतून आले आणि कोणते आपण घातले हे पुढे कुणालाही सांगता येत नाही. बेळगाव, खानापूर, चिकोडी या भागांतील भजनी मंडळांचे आणि घरगुती संग्रह लावून देताना मी हे दोन टप्पे कटाक्षाने वेगळे ठेवतो, आणि तुम्हीही तसेच करावे असा माझा आग्रह आहे.

किती परत मिळेल हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. जुना संगणक किंवा जुनी हार्ड डिस्क अजून घरात असेल, तर पुढचे बहुतेक काम वाचेल, म्हणून आधी तिचा शोध घ्या. फायली फ्लॅक स्वरूपात असतील तर तेथील टॅग नियमानुसार यूटीएफ-८ या युनिकोड अक्षरे साठवण्याच्या पद्धतीतच असतात आणि बिघाडाला वाव कमी राहतो. एमपी-३ मध्ये आयडी-३ या टॅगपद्धतीच्या तीन-चार आवृत्त्या आणि तितक्याच एन्कोडिंग पद्धती, म्हणजे अक्षरे बाइटांत मांडण्याच्या रीती, असल्यामुळे खरी गुंतागुंत तेथे होते. तुमच्या वर्णनावरून बहुतेक फायली एमपी-३ आहेत असे धरून मी पुढचे लिहितो.

कोणतीही दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी संगीताचे जे प्लेअर आपणहून टॅग बदलतात त्यांची ती सोय बंद करा. मग संपूर्ण संग्रहाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि तिला हात लावू नका. त्यानंतर पहिली स्क्रिप्ट अशी लिहा की जी फायलीत काहीही लिहीत नाही: ती प्रत्येक फायलीचा मार्ग, टॅगची आवृत्ती, प्रत्येक क्षेत्राचे नाव, त्यापुढचा एन्कोडिंगचा आकडा आणि मजकुराचे मूळ बाइट एका तक्त्यात उतरवून ठेवते. त्याच वेळी एफएफएमपेग या ध्वनिफायली हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरकडून प्रत्येक फायलीतील नुसत्या ध्वनिप्रवाहाचा एमडी-५ आकडाही, म्हणजे त्यातल्या बाइटांवरून निघणारा पडताळणीचा आकडा, काढून घ्या. टॅग बदलल्यावर पूर्ण फायलीचा आकडा बदलणारच, परंतु ध्वनिप्रवाहाचा बदलता कामा नये. शेवटी हे दोन तक्ते ताडून पाहिले की गाण्याला धक्का लागलेला नाही याची खात्री पटते.

आता बिघाड ओळखण्याकडे वळू. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. पहिला बाइट नेहमी २२४ असतो, दुसरा १६४ किंवा १६५, आणि तिसरा बाइट ते नेमके कोणते चिन्ह हे ठरवतो. आयडी-३ मध्ये प्रत्येक मजकुरापुढे एन्कोडिंगचा एक आकडा असतो. तो शून्य असेल तर मजकूर लॅटिन-१ या पश्चिम युरोपीय भाषांच्या तक्त्यात आहे असे वाचणारे सॉफ्टवेअर समजते. जुन्या अनेक सॉफ्टवेअरनी आत यूटीएफ-८ चे बाइट ठेवले आणि पुढे आकडा मात्र शून्य लिहिला. लॅटिन-१ च्या तक्त्यात २२४ म्हणजे डोक्यावर कललेली रेघ असलेला लहान रोमन ‘ए’, १६४ म्हणजे चार टोके असलेले चलनाचे छोटे वर्तुळ आणि १६५ म्हणजे जपानी येनचे चिन्ह. तुमच्या पडद्यावर हा रेघेचा ‘ए’ आणि त्यामागे वर्तुळ किंवा येन अशी जोडी पुन्हा पुन्हा येत असेल, तर तेथे मूळ मजकूर देवनागरी आहे हे निश्चित समजा.

आपल्या सीमाभागातल्या संग्रहांसाठी याच्या लगतची एक खूण फार उपयोगी पडते. कन्नड लिपीचाही पहिला बाइट २२४ च असतो, परंतु दुसरा १७८ किंवा १७९ असतो, आणि लॅटिन-१ मध्ये या दोन आकड्यांना वर लिहिलेली बारीक २ आणि ३ ही चिन्हे आहेत. त्यामुळे मजकूर पूर्ण मोडलेला असतानाही तो मराठी अभंगाचा आहे की कन्नड वचनाचा, हे नुसत्या नजरेने कळते, आणि स्क्रिप्टलाही एका ओळीच्या तपासणीत कळते. मी पहिल्याच फेरीत या खुणेवरून फायलींचे दोन गठ्ठे करून घेतो, कारण पुढे तपासायला बसणारी माणसे वेगवेगळी असतात.

ज्यांत बाइट शाबूत आहेत त्यांची उलट क्रिया सरळ आहे: दिसणारा मजकूर लॅटिन-१ समजून पुन्हा बाइटांत बदलायचा आणि ते बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. येथे वाचन कडक ठेवा, म्हणजे एकही बाइट नियमाबाहेर गेला तर स्क्रिप्टने ते नाव सोडून द्यावे. यूटीएफ-८ ची रचना इतकी बांधेसूद आहे की भलताच मजकूर योगायोगाने या चाळणीतून पार होण्याची शक्यता नगण्य असते. त्यातून निघालेली सर्व अक्षरे देवनागरी किंवा कन्नड पट्ट्यातील असावीत एवढी जादा अट घातली की या गटावर मी निश्चिंतपणे विश्वास ठेवतो. मजकूर दोनदा बिघडलेला असेल, तर तीच क्रिया दोनदा करावी लागते. आयडी-३ च्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला अवघे ३० बाइट मिळतात, म्हणजे देवनागरीची १० चिन्हे, आणि शेवटचे चिन्ह अनेकदा मध्येच तुटलेले असते. अशा ठिकाणी शेवटचे एक-दोन सुटे बाइट काढून टाकून नाव वाचावे आणि तक्त्यात ‘अपुरे’ अशी नोंद करावी.

तुमच्या संग्रहात याहून अवघड गट असणार, आणि त्याच्यावर मला थोडे सविस्तर बोलायचे आहे. विंडोजवरची पुष्कळ सॉफ्टवेअर लॅटिन-१ ऐवजी विंडोज-१२५२ हा तक्ता वापरतात. दोन्ही तक्ते बरेचसे सारखे असले, तरी १२८ ते १५९ या पट्ट्यात ते वेगळे आहेत. मोडलेल्या नावांत युरोचे चिन्ह दिसत असेल, तर ती बहुधा दीर्घ वेलांटी आहे, आणि ठसठशीत गोल ठिपका दिसत असेल तर तो ‘क’ आहे. अशी चिन्हे दिसली की विंडोज-१२५२ वापरले गेले हे समजते. या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. नावे चुकीची वाचून पुन्हा लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरला या पाच बाइटांचे काय करावे हे कळत नाही, आणि काही सॉफ्टवेअर ते सरळ गाळतात किंवा तेथे प्रश्नचिन्ह घालतात. देवनागरीत या पाच आकड्यांवर काय बसते ते पाहा: चंद्रबिंदू आणि ऱ्हस्व उकार, हलन्ताचे चिन्ह, ‘ए’, ‘ऐ’ व ‘ॐ’, आणि ‘झ’. हलन्त गेला म्हणजे मराठीतले प्रत्येक जोडाक्षर मोडले. त्याखेरीज १६० वरचा ‘ठ’ हा न तुटणारी मोकळी जागा म्हणून वाचला जातो, आणि फालतू जागा काढणारी सॉफ्टवेअर तिला साधी जागा करतात. १७३ वरचा ‘भ’ हा अदृश्य संयोगचिन्ह ठरतो आणि काही सॉफ्टवेअर त्याला वगळतात.

आता ‘विठ्ठल’ हा शब्द घ्या. त्यात व, वेलांटी, ठ, हलन्त, ठ आणि ल अशी सहा चिन्हे आहेत, आणि त्यांपैकी मधली तीन नेमकी या धोक्याच्या जागांवर बसतात. अभंगांचा संग्रह या बिघाडात सर्वांत जास्त का मोडतो, याचे उत्तर त्या एका शब्दात आहे. कन्नडचीही तीच गत होते, कारण युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांचे पट्टे इस्की या जुन्या भारतीय एन्कोडिंगच्या आराखड्यावरून समांतर मांडलेले आहेत. कन्नड हलन्तही १४१ वरच येतो, ऱ्हस्व उकार १२९ वर, आणि ‘ठ’ व ‘भ’ आपापल्या त्याच जागी. म्हणून एकदा केलेली यादी दोन्ही लिप्यांना चालते.

हे नुकसान पूर्णपणे भरून न येणारे आहे असे मात्र नाही, कारण गळालेल्या बाइटाच्या आधीचे दोन बाइट शिल्लक असतात. २२४ आणि १६४ यांच्यामागे साधी जागा असेल, तर तेथे ‘ठ’ होता हे निर्विवाद आहे. २२४ आणि १६५ यांच्यामागे प्रश्नचिन्ह असेल, तर सुटा ‘ॐ’ वगळता व्यवहारात दोनच पर्याय उरतात, उकार किंवा हलन्त, आणि ‘कुमार’ व ‘क्मार’ यांतले खरे कोणते हे ठरवायला शब्दांची यादी पुरते. ही यादी बाहेरून आणू नका. तुमच्याच संग्रहातील शाबूत टॅगांमधून आणि फायलींच्या नावांमधून ती तयार करा, कारण गायकांची, रागांची आणि संतांची नावे त्यात आपोआप आलेली असतात. स्क्रिप्टने सर्व शक्य रूपे तयार करावीत, यादीत एकच रूप सापडले तर ते सुचवावे, आणि एकाहून अधिक किंवा एकही न सापडल्यास ते नाव माणसासाठी ठेवावे. एफटीएफवाय नावाची पायथनची लायब्ररी यातला काही भाग, विशेषतः हरवलेल्या १६० चा, स्वतःहून सांभाळते. ती वापरायची असेल तर तिचे केवळ एन्कोडिंग सुधारणारे फंक्शन वापरा आणि अवतरणचिन्हे वगैरे बदलणाऱ्या बाकीच्या सोयींना दूर ठेवा.

मजकूर लॅटिन-१ म्हणून वाचून नंतर अदृश्य नियंत्रणचिन्हे पुसली गेली असतील, तर पाचच्या जागी १२८ ते १५९ मधील सर्व ३२ बाइट जातात. त्यात बहुतेक स्वर, ‘क’ पासून ‘ट’ पर्यंतची व्यंजने आणि काना व ऱ्हस्व वेलांटी सोडून जवळजवळ सगळी स्वरचिन्हे येतात. तेथे पर्याय इतके वाढतात की मी ती दुरुस्ती मानत नाही आणि ती नावे पुनर्रचनेच्या गठ्ठ्यात टाकतो.

प्रश्नचिन्हांच्या फायलींकडे येऊ. प्रथम ती प्रश्नचिन्हे टॅगच्या कोणत्या आवृत्तीत आहेत ते पाहा. एकाच एमपी-३ फायलीत सुरुवातीला आयडी-३ ची दुसरी आवृत्ती आणि शेवटच्या १२८ बाइटांत पहिली आवृत्ती अशा दोन्ही असू शकतात. पहिलीत देवनागरीची रीतसर सोय नाही म्हणून तेथे प्रश्नचिन्हे पडलेली असतात, आणि तुमचा प्लेअर नेमकी तीच दाखवत असतो. तसे असेल तर शेवटचा टॅग काढून टाकला की काम झाले. दुसऱ्या आवृत्तीतही खरोखरच प्रश्नचिन्हे असतील, तर तो मजकूर त्या क्षेत्रापुरता गेला आहे आणि जगातली कोणतीही स्क्रिप्ट तो तेथून काढू शकणार नाही.

तरीही प्रश्नचिन्हांची संख्या काही सांगते. बहुधा एका चिन्हामागे एक प्रश्नचिन्ह पडते आणि शब्दांमधली जागा टिकून राहते. त्यामुळे ‘भीमसेन जोशी’ यांचे ६ आणि ४, ‘कुमार गंधर्व’ यांचे ५ आणि ६, ‘गंगूबाई हनगल’ यांचे ७ आणि ४, तर ‘मल्लिकार्जुन मन्सूर’ यांचे १२ आणि ६ असे साचे तयार होतात. फोल्डरमधील सगळ्याच नावांचे आकडे तीनने भाग जाणारे असतील, तर बाइटागणिक एक प्रश्नचिन्ह पडले आहे असे समजून आधी तीनने भागून घ्यावे. संग्रहातील ज्ञात गायकांचे आणि शीर्षकांचे साचे काढून ते या फायलींशी जुळवणारी स्क्रिप्ट दहा-पंधरा ओळींची होते. एकाच फोल्डरमधील आठ गाण्यांचे साचे एखाद्या सीडीच्या वेष्टनावरील आठ शीर्षकांशी क्रमाने जुळले, तर तो भक्कम पुरावा असतो. एकट्या गायकाच्या साच्यावर मात्र विसंबू नका, कारण ६ आणि ४ चा साचा आणखी कितीतरी नावांचा असतो.

याखेरीज एक निराळा गट तुम्हाला भेटेल, ज्यात मजकूर साध्या रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा असतो पण त्याचा अर्थ लागत नाही. ती नावे श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी किंवा कन्नडसाठी नुडी, बरह अशा जुन्या फॉन्टांत टंकलेली असतात. भजनी मंडळांच्या पुस्तिका डीटीपीच्या दुकानात होत आणि तेथूनच नावे चिकटवली जात. यावर एन्कोडिंगची कोणतीही उलट क्रिया चालत नाही. त्या त्या फॉन्टचा रूपांतर-तक्ता लागतो, आणि दृश्य क्रमाने टंकलेली ऱ्हस्व वेलांटी व रफार यांची जागा बदलावी लागते. फॉन्ट ओळखता आला तर हे काम लवकर होते.

इतके झाल्यावर नावे वाचता येतील, परंतु एकच गायक प्लेअरमध्ये तीन-चार ठिकाणी विखुरलेला दिसेल. याचे एक कारण युनिकोडमध्येच आहे. ‘ऱ’ हे एक चिन्ह म्हणूनही लिहिता येते आणि ‘र’ खाली नुक्ता देऊनही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये नंतर आल्यामुळे जुन्या टॅगांत तो ‘अ’ आणि चंद्र यांच्या जोडीने लिहिलेला असतो. पहिल्याला एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची निरनिराळी रूपे एकसारखी करण्याची युनिकोडची ठरलेली रीत, पुरते, दुसऱ्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. अदृश्य जोडचिन्हे सरसकट पुसणारी ओळ मात्र स्क्रिप्टमध्ये घालू नका, कारण काही जुन्या मजकुरांत ‘वाऱ्या’ मधला अर्धा ‘र’ त्यांच्याच आधारावर उभा असतो.

दुसरे कारण आपल्या भागाचे आहे. १९२२ साली गदग भागात जन्मलेले भीमसेन जोशी मराठी अभंगही गात आणि कन्नड दासरपदेही. धारवाडच्या मन्सूरअण्णांचे ख्याल आणि नाट्यपदे देवनागरीत तर वचने कन्नडमध्ये नोंदलेली असतात. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे नाव सीडीवर बहुधा रोमनमध्ये असते. येथे सर्व नावे एका लिपीत आणण्याचा मोह होतो, आणि मी त्याच्या ठाम विरोधात आहे. कन्नडमधील ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ व ‘ओ’ हा भेद आपल्या नेहमीच्या मराठी लेखनात उरत नाही, त्यामुळे एकदा देवनागरीत नेलेले वचनाचे शीर्षक पुन्हा बिनचूक कन्नडमध्ये आणता येत नाही. कलाकाराच्या क्षेत्रात वेष्टनावर असेल तेच नाव त्याच लिपीत ठेवा, आणि क्रमलावणीसाठी जे वेगळे क्षेत्र असते त्यात प्रत्येक गायकाचे एकच ठरलेले रूप भरा. ‘हनगल’, ‘हंगल’ आणि कन्नड रूप हे तिन्ही मग प्लेअरमध्ये शेजारी शेजारी येतात. ध्वनिमुद्रणाच्या स्थळासाठीही हाच तक्ता वापरा. २०१४ मध्ये बेळगाव शहराचे अधिकृत नाव बदलल्यापासून त्याचीही नोंद निरनिराळ्या रूपांत सापडते.

आतापर्यंत स्क्रिप्टने फायलींत काहीच लिहिलेले नाही, तिने फक्त सुचवलेले आहे. या सूचना एका स्प्रेडशीटमध्ये घ्या: जुने रूप, नवे रूप, बिघाडाचा प्रकार आणि ‘दुरुस्ती’ की ‘अंदाज’ असा शेरा. स्क्रिप्टने काढलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडू नका. फाइलच्या सुरुवातीला एन्कोडिंगची ओळखखूण नसेल तर एक्सेल यूटीएफ-८ चुकीचे वाचते आणि तोच बिघाड पुन्हा होतो, शिवाय ३/१२ हा ट्रॅक क्रमांक ते तारीख समजून बदलते. लिब्रेऑफिसमध्ये उघडताना यूटीएफ-८ निवडा आणि सर्व रकाने मजकूर म्हणून घ्या. मराठी गठ्ठा तुम्ही तपासा, कन्नड गठ्ठा कन्नड शाळेत शिकलेल्या जाणत्या माणसाला दाखवा.

मान्य झालेल्या ओळीच दुसऱ्या स्क्रिप्टने लिहाव्यात. म्युटाजेन आपणहून आयडी-३ ची २.४ आवृत्ती लिहिते. गाडीतले आणि जुने प्लेअर २.३ अधिक बिनतक्रार वाचतात, म्हणून २.३ आणि यूटीएफ-१६ अशी स्पष्ट सूचना द्या आणि पहिल्या आवृत्तीचा टॅग काढून टाका. ‘अंदाज’ शेरा असलेल्या फायलींच्या टिप्पणीच्या क्षेत्रात तसे लिहून ठेवा, म्हणजे पुढे खरी माहिती मिळाली की नेमके काय बदलायचे ते शोधता येईल.

यानंतरही निनावी राहणाऱ्या फायलींसाठी अकूस्टआयडीसारखी ध्वनीवरून ओळख पटवणारी सेवा वापरून पाहा. प्रकाशित झालेल्या सीडींबाबत ती उपयोगी पडते. तुमच्या वडिलांनी स्वतः कॅसेटवर घेतलेल्या भजनांबाबत तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका. परंतु त्याच ध्वनिठशांनी तुमच्या संग्रहातील दुहेरी प्रती सापडतात, आणि एका प्रतीचे नाव मोडलेले असले तरी दुसरीचे पुष्कळदा शाबूत असते. सुरुवात मराठी आणि कन्नड दोन्ही गाणी असलेल्या एखाद्या मध्यम आकाराच्या फोल्डरपासून करा, कारण वर सांगितलेले बहुतेक प्रकार तुम्हाला तेथेच भेटतील. पहिल्या स्क्रिप्टने काढलेल्या तक्त्यातल्या ज्या ओळींचा उलगडा होणार नाही, त्या मूळ बाइटांसह मला पाठवा.